घर विकत घेणे की भाड्याने राहणे (नाशिक)

घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, हा नाशिक शहरातील नोकरदार, कामगार, विद्यार्थी आणि निवृत्त कुटुंबांपुढे येणारा आर्थिक, कायदेशीर व कौटुंबिक स्वरूपाचा निर्णय आहे. घराची किंमत, गृहकर्जाचा व्याजदर, भाड्याची पातळी, मुद्रांक शुल्क, प्राप्तिकर आणि त्या शहरात राहण्याचा अपेक्षित कालावधी यांवर तो अवलंबून असतो. महाराष्ट्रात या निर्णयावर भाडेविषयक कायद्याचाही मोठा प्रभाव आहे. जुन्या कायद्याने भाडेकरूला जवळजवळ कायमचे संरक्षण दिले होते. आता प्रचलित असलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारात भाड्याने राहणे सोपे झाले असले, तरी राहण्याची शाश्वती करारापुरतीच असते. त्यामुळे मासिक खर्चाच्या हिशोबात भाड्याचे घर स्वस्त पडत असूनही अनेक कुटुंबे स्थैर्यासाठी मालकीचे घर पसंत करतात.

भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातील ६९.२ टक्के कुटुंबे मालकीच्या, तर २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्याच जनगणनेत नाशिक महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३ इतकी नोंदवली गेली.

पार्श्वभूमी

जुने नाशिक व पंचवटी

गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील जुन्या नाशिकमध्ये आणि पंचवटीत वाडा हा निवासाचा प्रमुख प्रकार होता. वाड्याचा मालक एका भागात राहत असे आणि उरलेल्या खोल्यांत भाडेकरू कुटुंबे बिऱ्हाड करीत. चौक, विहीर वा नळ आणि शौचालय सामाईक असे. भाडेकायद्यामुळे या खोल्यांचे भाडे पिढ्यान्‌पिढ्या अल्प राहिले. मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च निघत नसल्याने अनेक वाडे जीर्ण झाले. धोकादायक इमारतींना महापालिका पावसाळ्यापूर्वी नोटिसा बजावते. मात्र जागा सोडल्यास हक्क जाईल, या भीतीने भाडेकरू, तर मालकी अनेक वारसांत विभागली गेल्याने मालक निर्णय घेत नाहीत आणि पुनर्विकास रखडतो.

औद्योगिक शहर आणि नोकरीची घरे

विसाव्या शतकात नाशिक परिसरात घराचा तिसरा पर्यायही होता, तो म्हणजे नोकरीबरोबर मिळणारे घर. नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि चलार्थ पत्र मुद्रणालय, देवळालीची लष्करी छावणी, एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्र आणि ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना यांच्या वसाहतींत कर्मचाऱ्यांना निवासस्थाने मिळत. ही घरे निवृत्तीनंतर सोडावी लागत असल्याने, नोकरीच्या काळात बचत करून निवृत्तीपूर्वी स्वतःचे घर बांधणे हा येथील मध्यमवर्गीयांचा परिपाठ बनला.

सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे खानदेश, मराठवाडा आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून कामगार शहरात आले. त्यांच्यासाठी शहर व औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे सिडकोने, नवीन नाशिकमध्ये सहा योजनांमधून लहान घरे बांधून हप्त्यांवर विकली. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक हा परिसर आजही ‘सिडको’ याच नावाने ओळखला जातो. या योजनांमुळे कामगार कुटुंबांना मालकीचे घर आवाक्यात आले. कुटुंब वाढले तसे अनेकांनी वरचा मजला चढवला आणि त्यातील खोल्या भाड्याने दिल्या. परिणामी नाशिकच्या भाड्याच्या घरांचा मोठा भाग कंपन्यांच्या नव्हे, तर अशा लहान घरमालकांच्या हाती आहे.

१९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाल्यावर जुने नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर हे भाग एका प्रशासनाखाली आले. पुढील दशकांत गंगापूर रोड, इंदिरानगर, म्हसरूळ, पाथर्डी फाटा या भागांत सदनिका, रो-हाऊस व बंगल्यांच्या वसाहती वाढल्या. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय व व्यवस्थापन महाविद्यालयांमुळे विद्यार्थी व तरुण नोकरदारांकडून भाड्याच्या घरांना मागणी निर्माण झाली.

भाडेविषयक कायदे

१९४७ चा कायदा

मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ या कायद्याने राज्यातील शहरांत भाडे गोठवले. १ सप्टेंबर १९४० रोजी भाड्याने दिलेल्या जागांसाठी त्या दिवशीचे भाडे हे प्रमाण भाडे मानले गेले. कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज भाडेकरूला काढता येत नसे आणि त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांना भाडेहक्क मिळे. या नियंत्रणातून सुटण्यासाठी घरमालक भाडेकराराऐवजी केवळ वापराचा परवाना देऊ लागले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. त्यानंतर रिकामे घर भाड्याने देण्यास मालक कचरू लागले.

मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये निकाल दिला. भाडे गोठवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे न्यायालयाने म्हटले.

१९९९ चा कायदा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले आणि मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. जागेची स्वतःसाठी खरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, भाडे थकवणे अशा ठरावीक कारणांवरूनच भाडेकरूला काढता येते. इमारत पाडून नव्याने बांधण्यासाठी ताबा घेतल्यास नव्या इमारतीत जागा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. जुन्या वाड्यांतील भाडेकरूंचे हक्क प्रामुख्याने या तरतुदींवर उभे आहेत.

लिव्ह अँड लायसन्स करार

नव्याने भाड्याने दिली जाणारी बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे परवाना करारावर दिली जातात. १९९९ च्या कायद्यातील कलम २४ नुसार कराराची मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो. मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी परवानाधारकावर कराराच्या दराच्या दुप्पट भरपाईची जबाबदारी येते.

कलम ५५ नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज प्रचलित असला, तरी महाराष्ट्रात करार कितीही मुदतीचा असला तरी नोंदणी आवश्यक आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर एकूण परवाना शुल्क, परत न मिळणारी अनामत आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरील वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे करार घरबसल्या नोंदवता येतात.

अनामत रक्कम, दरवर्षीची वाढ आणि मुदतीपूर्वी घर सोडण्याची सूचना या बाबी करारानुसार ठरतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये तयार केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवली आहे. मात्र तो कायदा राज्यांनी स्वीकारल्यासच लागू होतो.

घरखरेदीचा खर्च

घराच्या किमतीबरोबर काही एकरकमी खर्च येतात आणि घर पुन्हा विकताना ते परत मिळतीलच असे नसते.

मुद्रांक शुल्क: मूळ दर ५ टक्के असून त्यावर स्थानिक अधिभार लागतात. महापालिका क्षेत्रांत एकूण दर साधारणपणे ६ ते ७ टक्के होतो. करारातील किंमत आणि वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनर) मूल्य यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर शुल्क आकारले जाते. केवळ महिलांच्या नावे निवासी घर घेतल्यास एक टक्का सवलत मिळते. कोविड काळात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी, तर जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्क्यांनी कमी केले होते.

नोंदणी शुल्क: किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये.

वस्तू व सेवा कर: १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरावर १ टक्का कर ठरवण्यात आला. नाशिकसारख्या बिगर-महानगर शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र व ४५ लाख रुपयांपर्यंत किंमत असलेले घर परवडणारे मानले गेले. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर लागत नाही.

आवर्ती खर्च: घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचा देखभाल खर्च, रंगरंगोटी व दुरुस्ती. नाशिकमध्ये घरपट्टी मालमत्तेच्या अंदाजित वार्षिक भाडेमूल्यावर आधारित आहे. महापालिकेने १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींसाठी या मूल्याचे दर वाढवल्याने जुन्या व नव्या इमारतींतील घरपट्टीत तफावत निर्माण झाली आणि त्यावरून शहरात मोठा वाद झाला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. मुद्रांक व नोंदणी शुल्क सर्वसाधारणपणे या मूल्यात धरले जात नाही, त्यामुळे ती रक्कम खरेदीदाराला स्वतः उभी करावी लागते.

बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी रेपो दरासारख्या बाह्य निर्देशकाशी जोडली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक कर्जदारांचे हप्ते वाढले किंवा परतफेडीची मुदत लांबली. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही.

तुलनात्मक उदाहरण

पुढील आकडे हिशोबाची पद्धत दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. एका सदनिकेची किंमत ५० लाख रुपये असून तसेच घर दरमहा १२,००० रुपये भाड्याने मिळते. खरेदीदार १० लाख रुपये स्वतःचे घालतो आणि ४० लाख रुपये ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी कर्ज घेतो. मुद्रांक व नोंदणीसाठी ३.३ लाख रुपये लागतात.

मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये व्याजाचे आणि केवळ ६,३८० रुपये मुद्दलाचे असतात. पाच वर्षांत सुमारे २०.८ लाख रुपये भरूनही मुद्दल फक्त ४.७५ लाखांनी कमी होते. वीस वर्षांत एकूण सुमारे ८३.३ लाख रुपये भरले जातात आणि त्यांपैकी ४३.३ लाख रुपये व्याज असते.

हेच कुटुंब पाच वर्षांनी घर विकून बदलीच्या गावी गेले, तर त्याचा न परतणारा खर्च असा होतो: व्याज १६.१ लाख, मुद्रांक व नोंदणी ३.३ लाख, देखभाल व घरपट्टी (वार्षिक ३६,००० रुपये धरून) १.८ लाख आणि सुरुवातीला गुंतवलेल्या १३.३ लाखांवर ६.५ टक्के दराने बुडालेले सरळव्याज ४.३ लाख. एकूण खर्च सुमारे २५.५ लाख रुपये. याच काळात दरवर्षी ५ टक्के वाढीसह भरलेले भाडे सुमारे ८ लाख रुपये होते. १७.५ लाखांचा हा फरक भरून निघण्यासाठी घराची किंमत पाच वर्षांत ६७.५ लाखांपर्यंत, म्हणजे दरवर्षी सरासरी सुमारे ६.२ टक्के वाढावी लागते. किंमत त्याहून कमी वाढल्यास भाड्याने राहणे स्वस्त ठरते.

दीर्घ मुदतीत चित्र बदलते. दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढणारे १२,००० रुपयांचे भाडे विसाव्या वर्षी दरमहा सुमारे ३०,३०० रुपये होते आणि पुढेही वाढत राहते. व्याजदर स्थिर राहिल्यास हप्ता मात्र वाढत नाही आणि वीस वर्षांनी संपतो. निवृत्तीनंतर उत्पन्न घटते, त्या काळात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

या तुलनेत एक गृहीतक अध्याहृत असते. भाड्याने राहणारे कुटुंब हप्ता व भाडे यांतील फरकाची रक्कम खरोखर बाजूला टाकते, असे धरले जाते. हप्ता ही सक्तीची बचत असते, तर भाडेकरूची बचत त्याच्या शिस्तीवर अवलंबून राहते. भाड्याने राहूनही बचत न केल्यास स्वस्त घराचा लाभ दीर्घकाळात उरत नाही.

प्राप्तिकर

जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरील वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतच्या व्याजाची आणि इतर गुंतवणुकींसह १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत मुद्दलाची वजावट मिळते. ताबा मिळाल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकल्यास मुद्दलावरील सवलत परत जाते. भाड्याने राहणाऱ्या पगारदारांना घरभाडे भत्त्यावर सूट मिळते. प्रत्यक्ष भत्ता, पगाराच्या १० टक्क्यांहून जास्त भरलेले भाडे आणि नाशिकसाठी पगाराच्या ४० टक्के रक्कम यांपैकी सर्वांत कमी रकमेवर ती असते. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट आणि घरभाडे भत्त्याची सूट, दोन्ही उपलब्ध नाहीत. त्यामुळे ही प्रणाली निवडणाऱ्यांच्या बाबतीत केवळ कर वाचवण्यासाठी घर घेण्याचे कारण उरत नाही.

खरेदीतील कायदेशीर बाबी

रेरा: स्थावर मालमत्ता (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा रखडल्यास ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे विकासकावर असते.

पूर्णत्वाचा दाखला: नाशिकमध्ये सदनिकांतील कपाटांचे क्षेत्र चटई क्षेत्र निर्देशांकात धरावे की नाही, यावरून उद्भवलेल्या वादात अनेक इमारतींचे दाखले रखडले. ‘कपाट प्रश्न’ या नावाने तो शहरात ओळखला जातो. दाखला नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना कर्ज व पुनर्विक्रीत अडचणी येऊ शकतात.

पूररेषा: सप्टेंबर २००८ च्या गोदावरीच्या महापुरानंतर नदीकाठी निळी व लाल पूररेषा आखण्यात आली. या रेषांमधील बांधकामांवर निर्बंध असून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासावरही त्याचा परिणाम होतो.

जमिनीचा हक्क: सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती परवानगी आणि मागील व्यवहारांचा शोध अहवाल यांवरून मालकीची खात्री केली जाते. सिडकोची घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवर दिली गेल्याने त्यांच्या हस्तांतरणात सिडकोच्या अटी महत्त्वाच्या ठरतात. सदनिकांच्या बाबतीत जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, हेही पाहिले जाते. विकासकाने हे हस्तांतरण टाळल्यास सोसायटीला १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमाखाली मानीव अभिहस्तांतरण मागता येते.

सवलतीची घरे

म्हाडाचे नाशिक गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळ सोडतीद्वारे घरांचे वाटप करते. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत २० टक्के घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखून ठेवावी लागतात. नाशिकमध्ये ती म्हाडाच्या सोडतीत येतात. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी विभागात गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान देण्यात आले. मध्यम उत्पन्न गटासाठीचे अनुदान मार्च २०२१ मध्ये, तर अल्प उत्पन्न गटासाठीचे मार्च २०२२ मध्ये बंद झाले. योजनेचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. परवडणारी भाड्याची घरे हा त्यातील स्वतंत्र घटक आहे.

निर्णयावर परिणाम करणारे घटक

वास्तव्याचा कालावधी हा सर्वांत निर्णायक घटक मानला जातो. बदलीची नोकरी असणारे, पुणे-मुंबईकडे संधी शोधणारे तरुण आणि शिक्षणापुरते आलेले विद्यार्थी यांना भाड्याचे घर सोयीचे ठरते, कारण मुद्रांक शुल्कासारखा एकरकमी खर्च थोड्या वर्षांत भरून निघत नाही. सातपूर-अंबडमधील कंत्राटी कामगाराच्या बाबतीत उत्पन्नाची अनिश्चितता महत्त्वाची असते. काम सुटल्यास भाडेकरू स्वस्त खोलीत जाऊ शकतो, कर्जदाराचा हप्ता मात्र थांबत नाही.

उलट बाजूला, लिव्ह अँड लायसन्स करारात मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा हक्क नसतो. मुलांची शाळा, वृद्धांची औषधोपचाराची सोय आणि शेजार यांची घडी दर एक-दोन वर्षांनी विस्कटण्याचा धोका असतो. घर देताना मालकाने किंवा सोसायटीने जात, धर्म, आहार वा वैवाहिक स्थिती पाहणे हीदेखील भाडेकरूंपुढील अडचण आहे. अविवाहित विद्यार्थी व एकट्या महिलांना ती विशेष जाणवते. जास्त मुदतीचा करार, भाडेवाढीचा आधीच ठरवलेला दर आणि पुरेशी सूचना देण्याची अट यांमुळे हा धोका काही अंशी कमी होतो. साठ महिन्यांपर्यंतचा परवाना करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही, तरीही अकरा महिन्यांचाच करार करण्याची प्रथा टिकून आहे.

निवृत्त कुटुंबांसाठी मालकीचे घर हा भाड्याविना निवारा असतो, पण सर्व बचत त्यात अडकल्यास आजारपणासाठी रोख रक्कम राहत नाही. गावी शेतजमीन किंवा वडिलोपार्जित घर असलेली अनेक कुटुंबे नाशिकमध्ये भाड्याने राहून गावाकडील घराची डागडुजी करतात, तर काही जण शहरात लहान घर घेऊन त्यातील एक खोली भाड्याने देतात. सिडकोच्या वसाहतींत एकाच छपराखाली मालक व भाडेकरू राहण्याची ही पद्धत अद्याप सर्रास आढळते.